सकाळी नऊ वाजता, जळगाव आणि धुळे

एकाच मुलीला एकाच दिवशी, सकाळी नऊ वाजता, नव्वद-ब्याण्णव किलोमीटर अंतरावरच्या दोन गावांत परीक्षेला बसवण्याची व्यवस्था मी केली होती. मुद्दाम केली नव्हती. मुद्दाम करायला गेलो असतो तर ती कधीच जमली नसती.

मुलगी माझीच. दिपमाला, बारावी सायन्स. मी हेमराज नेहेते, जळगावला पाणीपुरवठा खात्यात असतो. बायको ज्योत्स्ना जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरात माणसं तीनच, पण दिपमालाने पुढे काय करायचं यावर मतं मात्र साताआठ होती. आमच्या इमारतीत दारं उघडी ठेवायची पद्धत आहे, त्याचा हा परिणाम.

वरच्या मजल्यावर झोपे सर राहतात. गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या मते जगात शिक्षण एकच, ते म्हणजे इंजिनिअरिंग; बाकीचे अभ्यासक्रम गणित न येणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून काढलेले आहेत. तळमजल्यावर मदनलालशेठ. त्यांची डाळमिल आहे. कोणाचंही मूल असो, त्यांचा सल्ला ठरलेला: "सीए करवा." आणि धुळ्याला माझा मेहुणा रुपचंद, हायस्कुलात शिक्षक. त्याने फोन करून सांगितलं की बारावीनंतर चार वर्षांत थेट शिक्षक होता येतं असा नवा अभ्यासक्रम निघालाय, त्याची देशपातळीवर वेगळी प्रवेश परीक्षा असते. "दाजी, फॉर्म भरून ठेवा. काय जातं?"

त्या 'काय जातं'मध्ये माझं काय काय गेलं ते आता सांगतो.

ज्योत्स्नाने ऐकताक्षणी नकार दिला. "मास्तरकी नको. बावीस वर्षं झाली, मी शिकवते कमी आणि खिचडीचे तांदूळ जास्त मोजते. निवडणूक आली की मतदानयंत्र उशाशी घेऊन झोपते. माझ्या मुलीने हे करायचं नाही."

म्हणून मी इंजिनिअरिंगच्या सीईटीचा अर्ज भरला, केंद्र जळगाव. आणि शिक्षकाचाही भरला, राखीव म्हणून. त्याला केंद्र धुळे घेतलं, कारण तिथे मेहुण्याकडे चहा-नाश्त्याची सोय.

मुलीला विचारलंच नाही, असं कृपया समजू नका. रीतसर विचारलं होतं. तिला मी एक तक्ता आखून दिला: अनुक्रमांक, परीक्षेचं नाव, फायदे, तोटे, शेरा. आठ दिवसांनी तिने तो परत केला. फायदे-तोटे कोरे. शेऱ्यात एकच शब्द: "बघते." आमच्या खात्यात हा शेरा एकेका प्रकरणावर वीस वीस वर्षं टिकतो, त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग दोन्ही हॉलतिकिटं एकाच आठवड्यात आली. मी ती टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली. तारीख तीच. वेळ तीच. साडेआठला फाटक बंद, तेही तेच. फोटोसुद्धा तोच. दोन्हीकडून दिपमाला माझ्याकडे बघत होती.

सहा दिवस उरले होते. पहिल्या दिवशी हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं बासरी ऐकली. दुसऱ्या दिवशी माणूस लागला. तो म्हणाला, ईमेल करा. ईमेलचं उत्तर तत्काळ आलं: आपला ईमेल मिळाला. तिसऱ्या दिवशी रजा टाकून मी सीईटीच्या चौकशी केंद्रावर गेलो. अर्ज कसा असावा हे मला कोणी शिकवायची गरज नाही. विषय, संदर्भ, जोडपत्रं एक ते नऊ. खिडकीतल्या तरुण कारकुनाने तो पुढून-मागून बघितला.

"काका, अर्ज एक नंबर आहे," तो म्हणाला. "पण तारीख कुठली बदलायची?"

"दोन्हींपैकी कुठलीही."

"ही मुंबईहून ठरते. ती दिल्लीहून. दोघांना एकमेकांचं काही माहीत नसतं."

"मग तुम्ही कळवा."

"मी करारावर आहे, काका." त्याने आवाज खाली आणला. "तुमच्या मुलीला कुठली द्यायचीये?"

"तेच तर ठरत नाहीये."

"मग त्यात तारखेचा काय दोष?"

मी अर्जाची पोच मागितली. ती मिळाली नाही. पोच न घेता एखाद्या कार्यालयातून बाहेर पडण्याची माझी ती आयुष्यातली पहिलीच वेळ. पायऱ्या उतरताना अंगावर शर्ट नसल्यासारखं वाटत होतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत सभा भरली. रुपचंद धुळ्याहून मुद्दाम आला. झोपे सर हातात वही घेऊन आले. मदनलालशेठ तटस्थ म्हणून आले, आणि बसताबसता "सीए" एवढं म्हणून मोकळे झाले. दीड तास वाद झाला. पंखा पाचवर होता तरी सगळ्यांना घाम. दिपमाला आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसली होती. तिचं पान उलटत नव्हतं, हे मला दारातून दिसत होतं.

शेवटी शेठजी म्हणाले, "चिठ्ठ्या टाका. वरच्याला ठरवू द्या."

झोपे सरांचं अक्षर चांगलं, म्हणून चिठ्ठ्या त्यांनी लिहिल्या. शेठजींनी डोळे मिटून एक उचलली. निघालं, 'अभियांत्रिकी'. सर समाधानाने मागे टेकले. पण रुपचंद शिक्षक आहे, परीक्षेत पोरांच्या बाह्या तपासण्यात त्याची हयात गेली. त्याने झडप घालून दुसरी चिठ्ठी उघडली. तीही 'अभियांत्रिकी'.

"सर, हे काय?"

झोपे सर जराही डगमगले नाहीत. "योग्य उत्तर एकच आहे. चुकीचा पर्याय लिहून मी मुलीची दिशाभूल कशाला करू?"

त्यावर रुपचंद जे बोलला आणि सरांनी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सर वही विसरून वर निघून गेले. आतल्या खोलीचं दार लागलं. जोरात नव्हे, अगदी हळूच. ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योत्स्नाने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "ऐका," ती म्हणाली. न्हाणीघरात पाण्याचा नळ चालू होता आणि त्याखालून उलटीचा आवाज येत होता. "तीन दिवस झाले. काही पोटात ठरत नाहीये तिच्या. आज संध्याकाळपर्यंत एक काय ते ठरवा."

मी ठरवलं. दुपारी इंजिनिअरिंग ठरवलं. चारच्या सुमाराला शिक्षक ठरवलं. सहाला पुन्हा इंजिनिअरिंग. इंजिनिअर होऊन घरी बसलेली मुलं मला ठाऊक होती आणि शिक्षकभरतीची वाट बघत पस्तिशीला आलेलीही ठाऊक होती. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. ऑफिसात चूक झाली तर शुद्धिपत्रक काढता येतं. इथे तसं काही दिसत नव्हतं.

अखेर मला एक तोड सुचली. धुळ्याचं केंद्र शहराच्या पलीकडे, सोनगीर रस्त्यावर. म्हणजे तिकडे जायचं तर पहाटे पाचला निघायला हवं. तर पाचला निघायचंच. वाटेत पारोळ्यापर्यंत विचार करायचा. पारोळ्यातून परत फिरलं तरी जळगावला आठच्या आत पोचता येतं. थोडक्यात, पारोळा ही अंतिम मुदत. ज्योत्स्नाने डबा भरायला घेतला.

गाडी मदनलालशेठांची. नवी कोरी. ती ते कोणाच्या हातात देत नाहीत, म्हणून स्वतःच चालवायला आले. पुढे मी, मांडीवर कागदपत्रांची फाइल. मागे मायलेकी. मोबाइल केंद्रात चालत नाही म्हणून दिपमालाचा घरीच ठेवला होता. शेठजींचा वेग चाळीस. पाळधीपर्यंत आम्हाला दोन ट्रॅक्टर आणि केळीचा एक ट्रक मागे टाकून गेले.

साडेसहाला पारोळ्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. मी फाइलमधून दोन्ही हॉलतिकिटं काढून दिपमालाच्या हातात दिली. "बोल बेटा. तू म्हणशील तसं."

ती तोंड उघडणार एवढ्यात माझा फोन वाजला. झोपे सर. "नेहेते, झालं गेलं मी विसरलो. अजून वेळ आहे, मुलीचं वाटोळं करू नका, परत फिरा." मला राहवलं नाही. "शेठजी, फिरवा."

गाडी जळगावकडे निघाली. तीन किलोमीटर गेलो नसू, तोच रुपचंदचा फोन. "दाजी, कुठवर आलात? मी आंघोळ करून तयार शे." जळगावकडे निघालोय म्हटल्यावर तो असा काही ओरडला की मदनलालशेठांनी आपणहून ब्रेक दाबला. चार वर्षं, पक्की पदवी, हमखास नोकरी. नोकरी हमखास कशी, ते त्याने सांगितलं नाही, पण त्या वेळी ते मला सुचलंही नाही. "शेठजी, धुळे."

पारोळा मागे पडला. ऊन वर आलं. सात वाजत आले होते. तेवढ्यात मागून ज्योत्स्ना बोलली. "अहो, नको. मी रोज बघते ना. नको माझ्या मुलीला ते."

"आता?"

"आता शेवटचं. फिरवा. भरधाव गेलो तर पोचू."

मदनलालशेठांनी दुभाजकातल्या मोकळ्या जागेतून गाडी पुन्हा वळवली. मिनिटभर गेलं असेल.

"गाडी थांबवा," दिपमाला म्हणाली.

मळमळत असेल असं वाटून शेठजींनी घाईघाईने गाडी कडेला घेतली. सीटची कव्हरं नवी होती. दिपमाला उतरली. आम्हाला वाटलं, बाभळीच्या आडोशाला जाईल. ती सरळ रस्ता ओलांडून दुभाजकावर चढली, पलीकडे उतरली आणि हात वर केला. धुळ्याकडे जाणारी लाल एसटी येत होती. एसटी अशा आडजागी थांबत नाही. मी पस्तीस वर्षं हात करतोय, मला माहीत आहे. ती थांबली. दार उघडलं, दिपमाला चढली, दार लागलं, आणि आमच्यासमोर नुसता धूर राहिला.

मागच्या सीटवर एक हॉलतिकीट पडलं होतं. जळगावचं.

"तिच्याकडे पैसे?" मी विचारलं.

"कंपासपेटी आहे तिच्या हातात, तीत शंभराची नोट असते," ज्योत्स्ना म्हणाली.

मी मांडीवरच्या फाइलकडे पाहिलं. आधार कार्ड फाइलीत होतं. मूळ ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही, असं हॉलतिकिटावर लाल अक्षरांत छापलेलं होतं. मीच तिला दहा वेळा वाचून दाखवलं होतं, आणि हरवू नये म्हणून मीच ते स्वतःकडे ठेवलं होतं.

"शेठजी!"

आमचं तोंड जळगावकडे. पुढची मोकळी जागा दीड किलोमीटरवर. तिथून वळून बसच्या मागे लागेपर्यंत ती दिसेनाशी झाली होती. मी रुपचंदला फोन करून स्टँडवर उभं राहायला सांगितलं. शेठजींचा काटा पन्नासवर गेला आणि तिथेच थांबला.

"शेठजी, जरा..."

"गाडी नवी आहे, नेहेतेसाहेब."

मग टोलनाका. रांगेत आमचा नंबर आला, पण दांडी वर जाईना. टोलचं स्टिकर शेठजींनी खराब होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात आणि रुमाल डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला होता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. पोरगा यंत्र घेऊन आला, पिशवीवर धरलं, रुमालावर धरलं. शेवटी मी पिशवी दातांनी फाडली. सात वाजून पस्तीस मिनिटं.

दांडी वर गेली. शेठजींनी गिअर टाकला. मग म्हणाले, "आमच्या धाकट्या रुचीला सहावीत अपूर्णांक येत नव्हते. दोन ट्यूशनवाले झाले. तुमच्या दिपमालाने शिकवले. आमच्या ओट्यावर बसून, भाकरीचे तुकडे करून. पाच दिवसांत."

हे मला माहीत नव्हतं. ज्योत्स्नालाही नव्हतं.

शेठजींनी पट्टा घट्ट केला, मोठ्याने नवकार मंत्र सुरू केला, आणि त्यानंतर काटा कुठे होता ते मी पाहिलं नाही, कारण मी डोळे मिटले होते. मधे एकदा उघडले तेव्हा सकाळी आम्हाला मागे टाकून गेलेला केळीचा ट्रक आता आमच्या मागे जात होता.

शहरातली गर्दी पार करून आठ पंचवीसला आम्ही केंद्रावर पोचलो. फाटकाशी रुपचंद मोटरसायकलवर आणि शेजारी दिपमाला, हातात हॉलतिकीट. केस वाऱ्याने विस्कटलेले. रखवालदार तिचं ऐकत नव्हता.

"ओळखपत्र!" मी धावत सुटलो. माझ्या फाइलीला अनुक्रमणिका आहे. आधार, अनुक्रमांक सात. सातव्या कप्प्यात झेरॉक्स निघाली. मूळ नव्हतं. मी आठवा पाहिला, सहावा पाहिला. गुणपत्रिका खाली पडल्या. आठ सत्तावीस. मी गुडघ्यांवर बसून सगळी फाइल जमिनीवर ओतली. तिथे चारशे लोक होते. रखवालदार फाटकाच्या कडीला हात लावून घड्याळ बघत होता.

"हे घ्या," ज्योत्स्ना म्हणाली. पर्समधून आधार काढून तिने दिपमालाच्या हातात दिलं. "कालच काढून घेतलं होतं. यांच्या फाइलीवर माझा भरवसा नाही."

"मग गाडीत का नाही बोललीस?" मी जमिनीवरूनच विचारलं.

"तुम्ही विचारलंत कुठे?"

दिपमाला आत गेली. मागे वळून तिने हात केला की केस सारखे केले, ते मला कळलं नाही. फाटक बंद झालं.

समोरच्या चहाच्या गाडीवर आम्ही बसलो. गाडीवाल्या गुंताबाईंनी न विचारता चार कप पुढे केले. "पोर मझार शे ना, भाऊ?" त्यांनी फाटकाच्या आत बोट दाखवलं. "मंग आते तुम्हनं काय काम शे? बठा, च्या ल्या." मग त्या स्वतःशीच हसल्या. "मी दर परीक्षाले दखस. मझार पोरे निवांत लिखतस, भाईर बठ्ठा मायबाप घाम पुसतस."

रुपचंद विजयी मुद्रेने चहा पीत होता. "शेवटी माझंच खरं झालं ना, दाजी?" पँटला गुडघ्यावर धूळ लागली होती ती झटकत बसलो. ज्योत्स्ना फाटकाकडे बघत होती. तीन तासांत तिने चहा संपवला नाही.

बारा वाजून गेल्यावर दिपमाला बाहेर आली आणि आल्या आल्या म्हणाली, "भूक लागलीये." डब्यातल्या सगळ्या पोळ्या तिने उभ्याउभ्या खाल्ल्या. ज्योत्स्ना तिच्याकडे बघत राहिली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदाच पोटभर जेवत होती.

"कसा गेला?" रुपचंदने विचारलं.

"बरा."

"पण तू बसमध्ये..." मी विचारलं. "कसं ठरवलंस?"

तिने लोणच्याचं बोट चाटलं. "गाडी जळगावकडे वळली की माझ्या पोटात गोळा यायचा. धुळ्याकडे वळली की जायचा. पहिल्यांदा वाटलं, वळण्यामुळे होत असेल. तिसऱ्यांदा पण तेच झालं. चौथ्यांदा वळवायच्या आत उतरलेलं बरं."

"अगं, पण ती खिचडी, ती निवडणूक..." ज्योत्स्ना म्हणाली. "मी किती वैतागते, बघतेस ना रोज?"

"बघते. पण वर्गातलं सांगताना तू हसतेस, आई. पप्पा ऑफिसमधलं सांगताना कधीच हसत नाहीत."

ज्योत्स्नाने पदराने दिपमालाच्या हनुवटीवरचं तेल पुसलं आणि पुसतच राहिली. परत येताना शेठजींनी चाळीसचा वेग धरला. कोणी तक्रार केली नाही. पारोळ्याला फोन वाजला, झोपे सरांचा. तो दिपमालाने घेतला आणि मला ऐकू येणार नाही अशा आवाजात पाच मिनिटं बोलली. शेवटी सर एवढंच म्हणाले म्हणे की मग निदान गणिताची शिक्षिका हो.

जुलैत निकाल लागला. फार वर नाही, फार खाली नाही, पण जागा मिळण्याइतका लागला. प्रवेशाचा अर्ज भरायचा होता. मी चष्मा लावला, पेन घेतलं आणि तिच्या खोलीत गेलो.

"भरून झाला, पप्पा," ती म्हणाली. "बटण दाबायचं राहिलंय फक्त. हवं तर बघा."

मी तिच्या खुर्चीवर बसून तो अर्ज तीन वेळा वाचला. नावात चूक नाही. जन्मतारखेत नाही. कॉलेजांचा पसंतीक्रम मला विचारून लावलेला नव्हता, पण वाईटही नव्हता. आईचा व्यवसाय, शिक्षिका. वडिलांचा व्यवसाय, लिपिक.

मी लिपिक नाही. गेली सहा वर्षं मी वरिष्ठ लिपिक आहे. तसा आदेश आहे, त्याची साक्षांकित प्रत कपाटात आहे. दुरुस्ती एका शब्दाची होती आणि बोट माझं त्या रकान्यावरच होतं. दिपमाला मागे उभी राहून वाट बघत होती.

"ठीक आहे," मी म्हणालो आणि खुर्ची तिला दिली. "पाठव."